बाळाच्या पायापाशी थांबलेला मोजा

हाताने विणलेला जाळीचा मोजा नाशकात पाहायचा असेल तर बारसं गाठावं. पाळण्याशेजारी मांडलेल्या बाळंतविड्यात झबली, दुपटी, कुंची, टोपडं असतं आणि त्यातच कुठेतरी आजीने नाहीतर आत्याने विणलेली बोटभर लांबीच्या मोज्यांची जोडी असते. पांढरी किंवा फिक्कट पिवळी, घोट्यापाशी भोकांची एक ओळ, भोकांतून ओवलेला लोकरीचा गोफ, गोफाच्या टोकांना गोंडे. आलेल्या बायका ती उचलून उलटसुलट करून बघतात, "कुणी विणले गं?" असं विचारतात, आणि ठेवून देतात. त्याच घरातल्या मोठ्या माणसांचे पाय मात्र उघडे असतात किंवा दुकानातल्या मोज्यांत असतात. हातचा मोजा कुणाच्याच पायात नसतो.

याला विणणारीचं कौशल्य कमी पडतं असं म्हणता येत नाही. जी बाई दोन सुयांवर बाळाचा मोजा बेतते ती सहा महिन्यांत मोठ्यांचाही विणू शकते. आपल्याकडे या सुया गेल्या दीड-दोनशे वर्षांत आल्या, रुळल्या, स्वेटर-मफलर-कानटोपीपर्यंत पोचल्या. मोज्याच्या बाबतीत तेवढी गाडी बाळाच्या पायापाशी येऊन थांबली. ती का थांबली आणि आज पुढे सरकायची तर कशावर सरकेल, याचा हा आढावा. माझं मत आधीच सांगून टाकते: अडलंय ते धाग्यापाशी आणि वेळेच्या मोलापाशी.

आधी जाळी म्हणजे काय ते पाहू. विणकामात चुकून सुटलेला टाका भोक पाडतो आणि खाली खाली उसवत जातो. जाळीतलं भोक मुद्दाम पाडलेलं असतं आणि त्याचा हिशेब त्याच फेरीत चुकता केलेला असतो. सुईवर धाग्याचा एक नुसता वेढा घेतला की एक टाका वाढतो आणि त्याखाली भोक राहतं. वाढलेला टाका कुठेतरी दोन टाके एकत्र विणून कमी करायचा. वेढा कुठे घ्यायचा आणि जोड कुठे द्यायची, एवढ्या दोन गोष्टींच्या जागा बदलून पानं, लाटा, चौकटी, मोरपिसं सगळं होतं.

घोड्याच्या नालेसारखी दिसणारी एक जुनी जाळी आहे, ती दहा टाक्यांची. एक सुलट, मग वेढा, तीन सुलट, पुढचे तीन टाके मिळून एक, पुन्हा तीन सुलट, पुन्हा वेढा. दोन वेढ्यांनी दोन टाके वाढले, तिनाचा एक केला तिथे दोन गेले. दहाचे दहा राहिले. पुढची फेरी साधी सुलट. त्यानंतरच्या जाळीच्या फेरीत दोन्ही वेढे एकेक टाका आत सरकतात, त्यापुढच्या फेरीत आणखी एकेक, आणि चौथ्या वेळी ते मधल्या जोडाला येऊन भिडतात. आठ फेऱ्यांत एक नाल पुरी. मोज्यावर साठ टाके असतील तर नळीभोवती अशा सहा नाली बसतात. घोट्याखाली गेल्यावर तीस टाके पायाच्या वरच्या बाजूला, त्यावर तीन नाली. उरलेले तीस तळव्याचे, ते साधेच विणायचे. तळव्याखाली जाळी कधीच घेऊ नये. भोकाच्या कडा टोचतात आणि तिथूनच मोजा फाटायला सुरुवात होते.

बाळंतविड्यातल्या मोज्यात या सगळ्यातली फक्त पहिली पायरी असते: दोन टाके एकत्र, वेढा, दोन टाके एकत्र, वेढा. गोफ ओवायला भोकं हवीत म्हणून ती ओळ. ती शोभेची वाटते पण तिचं काम मोजा पायावर धरून ठेवण्याचं आहे, कारण बाळाच्या पायाला टाच जवळजवळ नसतेच आणि ते लाथा झाडत असतं. तरीही तीच मोठ्या जाळीची बाराखडी आहे.

शालीची जाळी आणि मोज्याची जाळी यांत एक मोठा फरक आहे, आणि नवख्या विणणारीचा हिरमोड तिथेच होतो. शाल विणून झाली की ओली करून, ताणून, टाचण्या लावून वाळवतात. मग नक्षी उमलते. मोज्याला ताणणारा पाय असतो. सुईवरून उतरलेला जाळीचा मोजा आक्रसलेला, चुरगळलेला दिसतो, कपाटात घडी घालून ठेवला तर ओळखूसुद्धा येत नाही. पायात चढवला की नाली उघडतात. त्यामुळे तो मुद्दाम पायापेक्षा थोडा कमी घेराचा विणावा लागतो. साधारण दहा टक्के कमी. किती कमी, हे धाग्याच्या लवचिकतेवर ठरतं. तो विषय पुढे येईलच.

मोज्याचा खरा कस टाचेत लागतो. गोल विणत आलेली नळी तिथे काटकोनात वळवायची असते. नेहमीची रीत अशी: साठांपैकी तीस टाके बाजूला थांबवायचे, उरलेल्या तीस टाक्यांवर पुढे-मागे विणत एक चौकोनी पट्टी करायची. एक टाका विणायचा, एक नुसता उचलायचा, म्हणजे पट्टी दुहेरी जाडीची होते आणि चपलेच्या घर्षणाला टिकते. मग वळण. सतरा टाके विणायचे, पुढचे दोन एकत्र, आणखी एक, आणि ओळ अर्धवट सोडून काम उलटं फिरवायचं. पहिला टाका नुसता उचलायचा, पाच उलट, दोन एकत्र, एक उलट, पुन्हा फिरवायचं. आता दोन्ही कडांना दहा-दहा टाके वाट बघत उभे असतात. दर वेळी मधली ओळ एकेका टाक्याने लांबते आणि कडेचे दोन-दोन टाके गिळत जाते. पाच खेपांनी दोन्ही बाजू संपतात, सुईवर अठरा टाके उरतात आणि हातात टाच बसेल अशी वाटी तयार झालेली असते. पहिल्यांदा हे होताना पाहणाऱ्या बाईचा चेहरा पाहण्यासारखा असतो, कारण शेवटच्या दोन ओळींपर्यंत काहीतरी बिघडलंय असंच वाटत राहतं.

बाळाच्या मोज्यात हे वळण बहुतेक वेळा टाळलेलंच असतं. तो दोन सुयांवर सपाट विणतात, तळव्याशी आणि मागे शिवतात. शिवण बाळाला चालते, ते चालत नाही म्हणून. मोठ्या माणसाच्या वजनाखाली तीच शिवण खड्यासारखी लागते. म्हणून मोठ्यांचा मोजा चार किंवा पाच सुयांवर बिनशिवणीचा विणायचा. आजकाल लांब लवचिक तारेच्या गोल सुईवर तार मधूनच बाहेर काढून विणायची युक्ती रूढ झाली आहे. तिच्यावर दोन्ही मोजे एकदम विणता येतात, आणि एक मोजा पुरा होऊन दुसरा वर्षभर टोपलीत पडून राहायचा घरोघरीचा आजार बरा होतो.

जगात हे केव्हापासून आहे? इजिप्तमध्ये सापडलेले सुयांवर विणलेले सर्वात जुने मोजे साधारण हजार-नऊशे वर्षांपूर्वीचे आहेत. त्याआधीचेही मोजे तिथे मिळाले आहेत, अंगठा वेगळा असलेले, पण ते एका सुईने गाठी घेत केलेले, आपल्या अर्थाने विणलेले नव्हेत. हजार वर्षांपूर्वीचे ते मोजे निळ्या-पांढऱ्या सुताचे आहेत, लोकरीचे नाहीत, आणि उष्ण देशातले आहेत. मोजा म्हटलं की लोकर आणि बर्फ आठवतं. त्याचा जुना पुरावा मात्र कापूस आणि वाळवंटाकडे बोट दाखवतो. जाळीच्या मोज्यांची राजेशाही जोडी फ्लोरेन्सच्या संग्रहालयात आहे: १५६२ साली वारलेल्या एलेनोर ऑफ टोलेडो या डचेसच्या पायातली, लाल रेशमाची, हाताने विणलेली. पुढे १५८९मध्ये विल्यम ली याने इंग्लंडात मोजे विणायचं यंत्र काढलं आणि हातमोज्यांच्या... म्हणजे हाताने विणलेल्या मोज्यांच्या धंद्याला ओहोटी लागायची सुरुवात झाली.

जाळी टिकून राहिली ती स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांसारख्या कोपऱ्यांत. तिथली जाळीची शाल लग्नाच्या अंगठीतून ओढून काढता येईल इतकी तलम असे. १८३७ साली शेटलंडच्याच आर्थर अँडरसनने नव्याने गादीवर आलेल्या व्हिक्टोरिया राणीला तिथले तलम विणलेले मोजे नजर केले आणि बेटावरच्या विणकामाला गिऱ्हाईक मिळालं. हा अँडरसन म्हणजे पी. अँड ओ. जहाज कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. पुढे त्याच कंपनीच्या बोटींतून मुंबईला मडमा उतरल्या आणि त्यांच्या पेट्यांतून सुया, लोकर आणि नमुन्यांची पुस्तकं आली.

आपल्याकडे सुया रुजल्या त्या दोन-तीन वाटांनी. मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळांत वाचन-लेखनाबरोबर शिवण-टिपण असे. सिंथिया फरार १८२७मध्ये मुंबईला आली आणि पुढे अहमदनगरला तिने मुलींच्या शाळा चालवल्या. नाशकात चर्च मिशनरी सोसायटीची शरणपूरची वसाहत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात उभी राहिली. दुसरी वाट छावणीची. देवळालीत गोऱ्या पलटणी, लष्करी इस्पितळं आणि हवापालटाला येणारी पारशी कुटुंबं. पारशी घरांत लोकरीच्या धाग्याला धर्मातच जागा. कस्ती, म्हणजे कमरेला बांधायचा पवित्र गोफ, ही बहात्तर धाग्यांची, मेंढीच्या लोकरीची. तिसरी वाट मासिकांची. १९३०मध्ये किर्लोस्करांचं 'स्त्री' सुरू झालं, आणि पुढे मराठी-हिंदी मासिकांतून विणकामाचे नमुने घराघरांत शिरले. हिवाळ्याच्या तोंडावर हिंदी मासिकांचे 'बुनाई विशेषांक' मराठी बायकाही घेत, चित्र पाहून टाके मोजत.

देवळालीचा मोज्याशी आणखी एक धागा आहे, थोडा ओढूनताणून जोडलेला. मोज्याचं टोक बंद करताना दोन सुयांवरचे टाके शिवणाच्या सुईने असे जोडतात की जोड दिसत नाही. इंग्रजीत या जोडाला लॉर्ड किचनेरचं नाव आहे. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांना शिवण टोचू नये म्हणून त्याने ही रीत पुढे केली असं सांगतात. खरंखोटं देव जाणे. पण हाच किचनेर १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचा सरसेनापती होता आणि १९०५मध्ये त्याने लष्करी अधिकाऱ्यांचं स्टाफ कॉलेज आधी देवळालीतच सुरू केलं, क्वेट्ट्याला ते नंतर गेलं.

लढाई आणि विणकाम यांची नाशिककरांना जवळची आठवण १९६२ची. चीनने आक्रमण केलं आणि देशभर बायकांनी जवानांसाठी स्वेटर, मफलर, मोजे विणायला घेतले. त्या नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि १९६३मध्ये नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. नाशिकरोडला तोफखान्याचं केंद्र, देवळालीला तोफखान्याची शाळा. इथल्या बायकांना जवान म्हणजे वर्तमानपत्रातलं चित्र नव्हतं. त्या हिवाळ्यात ज्या हातांनी मोठ्या पायांचे मोजे विणले ते हात नंतर पुन्हा बाळंतविड्याकडे वळले. पुरुषाच्या पायाचा मोजा विणायला लढाई लागावी, यातच बरंच काही आलं.

मग थांबलं कुठे? पहिलं कारण हवा. नाशिकची थंडी खरी आहे. निफाडच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रात पारा पाच अंशांखाली उतरल्याच्या बातम्या अधूनमधून येतात आणि द्राक्षबागायतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. पण त्याच दिवशी दुपारी ऊन चटका देतं. पहाटे हवाहवासा वाटणारा लोकरीचा मोजा अकरा वाजता पायाला जाच होतो. असली थंडी सहा-आठ आठवडे. शिवाय घरात आपण अनवाणी वावरतो, फरशी ओली असते, देवघरात मोजे चालत नाहीत, पायात जोडवी असतात आणि त्यांत जाळीचा टाका हमखास अडकतो.

दुसरं कारण धागा, आणि हे पहिल्याहून मोठं आहे. नाशिक जिल्ह्याला लोकर नवी नाही. सिन्नर, नांदगावच्या माळावर धनगरांची दख्खनी मेंढरं आहेत आणि त्यांच्या लोकरीची घोंगडी पिढ्यानपिढ्या होत आली. पण ती लोकर भरड, राठ, केसाळ. घोंगडीला ती उत्तम, पावसातही टिकते. पायाला लावली तर खाज सुटते. मेरिनोशी संकर करून ती मऊ करायचे प्रयोग झाले, पण मेंढपाळाचा पैसा मटणात आहे, लोकरीत नाही. कातरणीची मजुरीही निघत नाही अशी त्याची रड आहे. त्यामुळे बाजारातली लोकर आली ती उत्तरेतून, आधी कानपूर-धारीवालच्या गिरण्यांची आणि मग लुधियानाची. आणि ऐंशीच्या दशकानंतर 'लोकर' म्हणून जी गुंडी दुकानात मिळू लागली ती बहुतांशी ॲक्रिलिक.

ॲक्रिलिकने विणकाम स्वस्त केलं, रंग दिले, कसर लागण्याची भीती घालवली. स्वेटरला ते चालतं. मोज्याला चालत नाही. ते घाम शोषत नाही, पाय चिकचिकतो, थोड्या दिवसांत तळव्याखाली गोळे धरतात. जाळीला तर ते अगदीच वाईट, कारण ओलं करून ताणलं तरी भोकं उघडी राहत नाहीत. ज्या बायकांनी हौसेने मोठ्यांचे मोजे विणून पाहिले त्यांतल्या बहुतेकींनी ते याच धाग्याचे विणले, घरच्यांनी दोनदा घातले आणि विषय संपला. मोजा नापास झाला असं सगळ्यांना वाटलं. खरं तर धागा नापास झाला होता.

बाहेरच्या देशांत मोज्यासाठी वेगळा धागा असतो: पाऊण हिस्सा धुलाईला टिकणारी मेरिनो, पाव हिस्सा नायलॉन, शंभर ग्रॅममध्ये चारशे मीटरच्या आसपास. एवढ्यात एक जोडी आरामात होते. तो आपल्याकडे मागवता येतो, पण किंमत ऐकून माणूस गुंडी खाली ठेवतो. माझ्या मते नाशिकसाठी तो योग्यही नाही. इथे हवा सुती किंवा बांबूचा धागा, त्यात थोडं नायलॉन. सुताची खोड अशी की ते ताणलं तर पुन्हा आक्रसत नाही. मोजा संध्याकाळपर्यंत घोट्यावर गोळा होतो. त्यावर उपाय आहेत. वरची पट्टी एक उलट एक सुलट अशी लांब घ्यायची, तिच्या आतून बारीक इलॅस्टिकचा धागा सोबत चालवायचा, सुई एक नंबर बारीक घ्यायची. आपल्याकडच्या दुकानांत सुया जुन्या ब्रिटिश नंबरांनी मिळतात, नंबर मोठा तशी सुई बारीक: दहा नंबर सव्वातीन मिलिमीटर, तेरा नंबर सव्वादोन, चौदा नंबर दोन. मोज्याला तेरा नाहीतर चौदाच हवी. स्वेटरची सवय असलेल्या हाताला ती दात कोरायच्या काडीसारखी वाटते, म्हणून बायका दहा नंबरवर विणतात आणि मग मोजा पोत्यासारखा होतो.

सुयांची गोष्ट तर मजेशीर आहे. जगभरच्या विणणाऱ्या ज्या रंगीत लाकडी सुयांवर जीव टाकतात त्या 'निटप्रो' सुया नोएडाची कंपनी बनवते. नीलगिरीतल्या कारखान्याच्या 'पोनी' सुया कितीतरी देशांत जातात. हत्यार भारतातून जगात जातं, आणि त्यावर विणायचा धागा भारतात परदेशातून मागवावा लागतो.

तिसरं कारण पैसा. साठ टाक्यांच्या एका मोज्यात दहा हजारांच्या वर टाके पडतात, जोडीत वीस हजारांवर. जाळीचा हिशेब सांभाळत मिनिटाला वीस टाके ही चांगली गती झाली. म्हणजे हजार मिनिटं, सतरा तास. तासाला पन्नास रुपये धरले तरी मजुरी साडेआठशे, धागा वेगळा. तिकडे मेन रोडवर शंभराच्या नोटेत मशीनच्या मोज्यांच्या जोड्या मिळतात. हिवाळ्यात शरणपूर रोडच्या तिबेटी बाजारात स्वेटर, टोप्या, मोजे यांचे ढीग असतात. तो मालही बव्हंशी लुधियानाचा. हिवाळी स्वेटरविक्री हा देशभरच्या तिबेटींच्या पोटाचा मोठा आधार. बाजारभावाच्या या स्पर्धेत हातचा मोजा उतरूच शकत नाही आणि त्याने उतरूही नये.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. "फावल्या वेळात करता येईल असा घरबसल्या उद्योग" म्हणून विणकाम बायकांच्या गळ्यात मारलं जातं, त्याचा हिशेब आंध्रातल्या नरसापूरने आधीच मांडून ठेवला आहे. तिथे मिशनऱ्यांनी शिकवलेली क्रोशाची लेस घरोघरी बायका विणत आणि ती परदेशी जाई. मारिया मीस या अभ्यासिकेने १९८२च्या पुस्तकात दाखवलं की दिवसाचे सहा-आठ तास विणणाऱ्या या बायकांना कामगार कुणी म्हणतच नव्हतं. त्या 'घरीच असतात' म्हणून मजुरी नगण्य आणि नफा व्यापाऱ्यांचा. आपल्याकडे येवल्याच्या पैठणीला नाव आहे, भाव आहे, भौगोलिक मानांकन आहे, विणकराला कमीअधिक ओळख आहे. सुयांवर विणणारीला यातलं काही नाही. तिचं काम रुखवतात आणि बारशात 'कौतुक' म्हणून जातं, आणि कौतुकाला दर नसतो. लाहौलच्या बायका विणतात त्या रंगीत लोकरी मोज्यांनाही आता मानांकन आहे, मनालीला गेलेला मराठी पर्यटक ते घासाघीस करून आणतो आणि घरी आल्यावर आईने विणलेले पाहिले तर म्हणतो, "कशाला एवढा त्रास?"

विणणाऱ्यांची मराठी दुनिया आज मेली आहे असं मुळीच नाही. उलट मोबाइलवर मराठीतून शिकवणाऱ्या बायका भरपूर आहेत. पण बहुतेक सगळं क्रोशाकडे झुकलेलं: तोरणं, महिरपी, रांगोळीच्या वेली, राख्या, गौरीचे दागिने. कारण उघड आहे. एक सुई, टाका सुटायची भीती नाही, संध्याकाळी सुरू केलं की रात्री वस्तू तयार. क्रोशाचा मोजाही होतो, पण साखळी आणि खांब यांची वीण जाड असते, तळव्याखाली ती गाठीसारखी लागते आणि ताण घेत नाही. जाळीचा तलम मोजा सुयांवरच विणावा. तो शिकवणारं मराठीत फार थोडं आहे. टाचेच्या वळणाशी आलं की सगळ्याजणी इंग्रजी नमुन्यांकडे जातात. तिथे सामग्रीचा पूर आहे. २००६मध्ये आलेल्या 'मंकी' नावाच्या जाळीदार नमुन्यावर जगभर हजारो जोड्या विणल्या गेल्या. पण तिथले नमुने आद्याक्षरांच्या सांकेतिक लिपीत असतात, आणि ज्या बाईचे हात तयार आहेत तिला बऱ्याचदा ती लिपी येत नाही. चौकटीच्या कागदावर काढलेला नमुना हा त्यावरचा सोपा इलाज: रिकामी चौकट सुलट, गोल म्हणजे वेढा, तिरकी रेघ म्हणजे जोड. रांगोळीचे ठिपके मोजणारीला तो पाच मिनिटांत कळतो.

तयार हात आणि योग्य धागा या दोन्ही वाटा जुळतात त्या एका अनपेक्षित ठिकाणी: मुलीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला किंवा टोरांटोला गेलेल्या आईपाशी. तिने बॅगेत सुया नेलेल्या असतात, बाळाचे मोजे आठवड्यात संपतात, बाहेर बर्फ, करायला काही नाही. लेक तिला लोकरीच्या दुकानात नेते. तिथे मोज्याचा खास धागा हाताला लागतो आणि सहा महिन्यांचा व्हिसा संपेपर्यंत जावयासकट सगळ्यांचे पाय झाकले जातात. हात तेच, डोकं तेच. बदलला तो धागा आणि जमीन.

बाळाच्या मोज्याबद्दल एक सूचना मात्र जाता जाता नको, ठासूनच करते. जाळी फार मोठी घेऊ नका आणि बोटांच्या भागात तर घेऊच नका. बाळाचं बोट भोकातून बाहेर येतं, धागा आवळतो आणि त्याला सांगता येत नाही. आतल्या बाजूला सैल लोंबणारी टोकंही तशीच धोक्याची. बोटाभोवती धागा गुंडाळून रक्त थांबल्याच्या घटना बालरोगतज्ज्ञांच्या ओळखीच्या आहेत. मोजा घालण्याआधी उलटा करून पाहावा. गोफ घोट्याला हलका असावा आणि झोपवताना काढून ठेवावा.

मोठ्यांच्या मोज्याकडे परत येते. नाशकात त्याला खरी जागा कुठे आहे असं विचाराल तर माझं उत्तर चपलेत. इथली बाई हिवाळ्यातही चप्पलच घालते आणि तिच्यासाठी अंगठा वेगळा असलेला मोजा मशीनवर निघतो; सकाळी कॉलेज रोडवर स्कूटीवरून जाणाऱ्या किती जणींच्या पायात तो असतो. नायलॉनचा, त्वचेच्या रंगाचा, कुणालाच न आवडणारा आणि सगळ्यांनी घेतलेला. हाच मोजा सुताचा, जाळीचा, हाताने विणलेला का असू नये? सकाळचा गारवा अडवायला तळवा आणि टाच घट्ट, दुपारी वारा यायला वरची बाजू जाळीची, बूट नसल्यामुळे नक्षी दिसणार, धुळीपासून पायाच्या भेगांना आडोसा. जपानी लोक अंगठ्याचे मोजे पिढ्यानपिढ्या वापरत आले आहेत.

वीण अवघड नाही. चवड्यापर्यंत मोजा साठ टाक्यांवर नेहमीसारखा आणायचा, पण जाळी बोटं फुटायच्या अलीकडे दोन सेंटिमीटरवर थांबवायची. मग अंगठ्याच्या बाजूचे वरचे दहा आणि खालचे दहा असे वीस टाके वेगळ्या धाग्यावर काढून ठेवायचे. उरलेल्या चाळीस टाक्यांना अंगठ्याच्या खाचेशी चार नवे टाके जोडायचे आणि चार बोटांची टोपी विणायची. ती करंगळीकडे उतरती हवी, म्हणून जोड फक्त त्याच बाजूला द्यायचे. शेवटी बाजूला ठेवलेले वीस टाके उचलायचे, खाचेतल्या त्या चार टाक्यांच्या पायथ्याशी आणखी चार उचलायचे आणि चोवीसांवर अंगठा पुरा करायचा. खाच चार टाक्यांचीच ठेवावी; चपलेचा पट्टा तिथून जातो आणि त्याहून जास्त कापड झालं तर अंगठ्याच्या बेचक्यात चुरगळून बोचतं. उजवा-डावा मोजा इथे वेगळा होतो, हे दुसरा विणायला घेताना विसरू नये. जोडवी घालणारीने चार बोटांचा भाग एक नंबर जाड सुईवर विणावा.